चार दिवसांच्या सुट्टीत काइटबोर्डिंग शिकता येतं का? श्रीलंकेचं तिकीट काढण्याआधी वाऱ्याचं गणित समजून घ्या

ती रील एव्हाना तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. निळंशार पाणी, आकाशात भलामोठा रंगीत पतंग आणि पायाला बोर्ड अडकवून पाण्यावरून सुसाट निघालेलं कुणीतरी. मध्येच ते दोन मजले उंच उडतं आणि अलगद खाली उतरतं. लोकेशन: कल्पिटिया, श्रीलंका. आणि खाली कमेंट्समध्ये ठरलेला प्रश्न, "किती दिवसांत येतं हे?"

प्रश्न रास्त आहे. मुंबईहून कोलंबो विमानाने अडीच तासांवर आहे. शनिवार-रविवारला तीन-चार रजा जोडल्या की पाच-सहा दिवस निघतात. जाण्या-येण्याचे वजा केले तर हातात उरतात चार. एवढ्यात जमेल का?

उत्तर आधीच सांगून टाकू. चारही दिवस चांगला वारा मिळाला तर पतंग ताब्यात ठेवता येतो, त्याच्या ओढीने पाण्यातून सरकता येतं आणि अंगाने साथ दिली तर बोर्डवर काही सेकंद उभंही राहता येतं. पण रीलमध्ये दिसतं तसं मनाला येईल तिकडे जाणं आणि जिथून निघालो तिथेच परत येणं, हे बहुतेकांना चार दिवसांत जमत नाही.

या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे 'तर'. तुमची रजा एचआरने मंजूर केलेली असते, परतीचं तिकीट काढलेलं असतं. वाऱ्याने मात्र कुणालाच तारीख दिलेली नसते. परदेशात जाऊन हा खेळ शिकताना पैसे वाया जातात किंवा हातपाय मोडतात, त्यामागे बरेचदा ही एकच गोष्ट असते: ठरलेल्या तारखांत, न ठरलेल्या वाऱ्याकडून, घाईघाईने काहीतरी वसूल करून घ्यायचं.

पतंग आहे, पण आपल्या संक्रांतीचा नाही

काइटबोर्डिंग आणि काइटसर्फिंग हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. कमरेला एक जाड पट्टा, म्हणजे हार्नेस. त्याला अडकवलेला एक आडवा दांडा, म्हणजे बार. बारपासून साधारण २० ते २४ मीटर लांबीच्या चार किंवा पाच दोऱ्या निघतात आणि टोकाला पतंग. सात-आठ मजली इमारतीच्या गच्चीवर तुमचा पतंग आणि तुम्ही खाली रस्त्यावर, असं ते अंतर समजा. पायात बोर्ड. इंजिन नाही, शीड नाही, ओढणारी बोट नाही.

पतंगाने माणसाला पाण्यावर ओढायची कल्पना जुनी आहे. अडचण वेगळीच होती. पतंग पाण्यात पडला की भिजून बसायचा, परत उडायचाच नाही, आणि माणूस समुद्राच्या मध्यात लटकायचा. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या दोन भावांनी यावर तोडगा काढला. पतंगाच्या कडेला आणि आडव्या फासळ्यांमध्ये हवा भरायची, सायकलच्या ट्यूबसारखी. मग तो पाण्यावर तरंगतो, आकार सोडत नाही आणि दोरी खेचून पुन्हा उडवता येतो. याचं पेटंट त्यांनी १९८४ मध्ये घेतलं. पण त्या वेळी विंडसर्फिंगची हवा होती, यांच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. १९९०च्या दशकाच्या शेवटी हवाईच्या माउई बेटावर लोक हे करताना दिसायला लागले आणि मग खेळ जगभर पसरला.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा आला. शर्यती झाल्या मार्सेयच्या समुद्रात. महिलांमध्ये ब्रिटनची एली ऑल्ड्रिज आणि पुरुषांमध्ये ऑस्ट्रियाचा वॅलेंटिन बोंटस जिंकले. सिंगापूरच्या १७ वर्षांच्या मॅक्स मेडरने कांस्य जिंकलं, तेही त्याच्या देशाच्या राष्ट्रीय दिनी. पण त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली होती, जी तुमच्या चार दिवसांच्या सुट्टीसाठी जास्त कामाची आहे. वारा पडल्यामुळे शर्यती रखडल्या आणि पदकांच्या फायनल्स पुढे ढकलाव्या लागल्या. जगातले सर्वोत्तम खेळाडू, जगभरचे कॅमेरे, सगळे किनाऱ्यावर वाऱ्याची वाट बघत बसले होते.

हाताची जुनी सवय इथे उलटी पडते

हा भाग नीट वाचा. बाकी सगळं स्कूलवाले शिकवतात, पण एवढं आधी डोक्यात बसलं तर पहिल्या दिवसाचे दोन तास वाचतात.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. आता तुमच्यासमोर हवेत अर्धा घुमट आहे अशी कल्पना करा. डाव्या हाताला जमिनीलगत नऊ वाजलेत, डोक्यावर बारा, उजव्या हाताला तीन. तुमचा पतंग या घुमटाच्या पृष्ठभागावरच फिरू शकतो, बाहेर नाही. याला 'विंड विंडो' म्हणतात. पतंग घुमटाच्या कडेला असला, म्हणजे नऊ, बारा किंवा तीनच्या रेषेवर, तर ओढ कमी असते. तो घुमटाच्या मध्यावर, म्हणजे तुमच्या थेट समोर खाली आला की पूर्ण वारा पोटात भरून घेतो आणि जी ओढ बसते तिच्यापुढे कुठल्याही जिमवाल्याचं काही चालत नाही. या मधल्या भागाला 'पॉवर झोन' म्हणतात.

आता बारचं काम. बार अंगाकडे ओढला की पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलतो आणि ताकद वाढते. बार पुढे ढकलला, सैल सोडला की ताकद कमी होते. डावीकडे ओढला तर पतंग डावीकडे, उजवीकडे ओढला तर उजवीकडे. ऐकायला सोपं आहे, पण इथेच आपली सवय आडवी येते.

लहानपणापासून हाताला माहीत असतं की पतंग ओढायला लागला की दोरी घट्ट धरायची. घाबरलेला माणूसही हातात जे असेल ते घट्ट धरतो, ही उपजत गोष्ट आहे. काइटबोर्डिंगमध्ये घाबरून बार छातीशी धरला की पतंगाला आणखी ताकद मिळते. तो आणखी जोरात ओढतो, माणूस आणखी घाबरतो, आणखी घट्ट धरतो. नवशिका पाण्यावरून फरपटत जातो तो बहुतेक वेळा असाच. वाचायचं असेल तर करायची गोष्ट अगदी उलटी असते: बार सोडून द्यायचा. पतंग कमरेच्या हार्नेसला अडकवलेला असतो, हाताला नाही. त्यामुळे बार सोडला तरी तो पळून जात नाही, फक्त मवाळ होतो. म्हणजे इथे ढील देणं हाच ब्रेक.

तेवढ्यानेही भागलं नाही तर पुढची पायरी आहे 'क्विक रिलीज'. हार्नेसजवळची, बहुतेकदा लाल रंगाची यंत्रणा ढकलली की पतंगाची ताकद जवळजवळ पूर्ण जाते आणि तो एकाच दोरीला निशाणासारखा फडफडत पाण्यावर पडतो. तीही दोरी तोडायची वेळ आली तर शेवटची सुटका वेगळी असते. तिच्यानंतर पतंग गेला, पण तुम्ही राहिलात. चांगला शिक्षक हे तिन्ही टप्पे जमिनीवर, मग पाण्यात, डोळे मिटून करायला लावतो. संकटाच्या वेळी डोळ्यांत खारं पाणी असतं, शोधत बसायला वेळ नसतो.

इथे सेकंडहँड सामानाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ताकद इतकी सहज कमी करता येणारे पतंग २००५ च्या सुमारास आले, आणि त्यामागेही तेच लगेन्यू बंधू होते. त्याआधीचे पतंग सैल सोडूनही बराच जोर लावत राहायचे. ऑनलाइन कुठे 'एकदम स्वस्त, थोडा जुना' काइट दिसला आणि यूट्यूब बघून शिकू असं वाटलं, तर तो विचार तिथेच सोडा. ज्या यंत्रणेवर जीव अवलंबून आहे ती जुनी, गंजलेली आणि न तपासलेली असते, आणि ती कशी वापरायची हे दाखवणारं शेजारी कुणी नसतं.

पाच नॉटने काय फरक पडतो?

वाऱ्याचा वेग नॉटमध्ये मोजतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. १५ नॉटचा वारा २० झाला तर आपल्याला वाटतं, जरासा वाढला. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १५ चे २० नॉट झाले की ओढ पावणेदोन पटींच्या वर जाते. १५ चे २५ झाले की जवळजवळ पावणेतीन पट.

म्हणूनच या खेळात एकच पतंग चालत नाही. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाला १५ नॉटला १२ चौरस मीटरच्या आसपासचा लागत असेल, तर २० नॉटला ९ च्या आसपासचा पुरतो. तुमचं वजन ५० किलो असेल तर आणखी लहान. नवीन आलेल्या प्रत्येकाला तोच एक पतंग देणारी स्कूल दिसली तर तिथून निघा.

आणि म्हणूनच काळा ढग. पावसाळी हवेत एखादा गडद ढग सरकत येतो, त्याच्या पुढे वारा अचानक उसळतो. अशा वेळी पतंग आकाशात असेल तर माणूस उचलला जाऊ शकतो. पाण्यात पडलात तर बरं, किनाऱ्यावर असाल तर पुढे झाड, भिंत, होडी, विजेचा खांब काहीही असू शकतं. अनुभवी लोक खोल पाण्यापेक्षा पतंग उडवण्या-उतरवण्याच्या त्या किनाऱ्यावरच्या दोन मिनिटांना जास्त घाबरतात. ढग दिसला की पतंग खाली उतरवायचा, "अजून पाच मिनिटं" करायचं नाही. ज्याच्या कोर्सचा शेवटचा तास चालू आहे आणि उद्या सकाळी फ्लाइट आहे, त्याला हे सगळ्यात जड जातं.

मग त्या चार दिवसांत नेमकं होतं काय?

जगभरातल्या बऱ्याच स्कूल्स इंटरनॅशनल काइटबोर्डिंग ऑर्गनायझेशन, म्हणजे आयकेओच्या पद्धतीने शिकवतात. नवशिक्यांचा कोर्स साधारण ९ ते १२ तासांचा, तीन-चार दिवसांत विभागलेला. दिवसाला दोन-तीन तासच. त्याहून जास्त करता येईल असं आपल्याला वाटतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी खांदे, बोटं आणि पोटाचे स्नायू वेगळंच सांगतात.

पहिला दिवस बोर्डशिवाय जातो. वारा कुठून येतोय, पुढे काय आहे, कुठे उतरवायचं हे बघायचं. पतंगात हवा भरायची, दोऱ्या पसरवून क्रमाने बांधायच्या. संक्रांतीला कन्नी नीट बांधली नाही तर पतंग गोते खातो. इथे चार दोऱ्यांपैकी दोन उलट-सुलट बांधल्या गेल्या तर पतंग उडताक्षणी पिसाळतो. त्यामुळे बांधल्यावर पुन्हा तपासायचं, आणि उडवून देणाऱ्याने तिसऱ्यांदा तपासायचं. मग एक लहान पतंग घेऊन नऊ-बारा-तीनचा सराव.

दुसऱ्या दिवशी 'बॉडी ड्रॅग'. बोर्ड अजूनही नाही. पाण्यात पालथं पडून पतंगाच्या ओढीने सरकायचं. आधी वाऱ्याच्या दिशेने, मग एक हात पाण्यात सुकाणूसारखा खुपसून आडवं, मग थोडं वाऱ्याकडे वर. नाकातोंडात पाणी जातं, फोटो वाईट येतात आणि म्हणून अनेकांना हा भाग टाळून लवकर बोर्ड हवा असतो. टाळू नका. पुढे कधी बोर्ड पायातून निसटला तर तो वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहतो आणि तुम्ही खाली वाहत जाता. त्याच्यापर्यंत पोहोचायचा हा एकच मार्ग आहे. ज्याला हे येत नाही तो खोल पाण्यात स्वतःच्या भरवशावर नसतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी 'वॉटर स्टार्ट'. पाण्यात बसल्यासारखं तरंगायचं, पाय बोर्डच्या पट्ट्यांत, पतंग बारावर. मग तो एका बाजूला झपकन खाली आणायचा. ओढ बसते आणि माणूस पाण्यातून उठतो. कमी जोर लावला तर परत बसतो. जास्त लावला तर पुढच्या पुढे तोंडावर. हे पन्नासदा होतं. मग एकदा उभे राहता, दहा मीटर जाता, आणि ओरडता. किनाऱ्यावरचे अनोळखी लोकही टाळ्या वाजवतात. ही मजा खरीच आहे, त्यात काही खोट नाही.

पण त्यानंतरही एक मोठी पायरी उरते. सुरुवातीला सगळेच वाऱ्याबरोबर खाली सरकत जातात. बोर्डची कड पाण्यात रोवून वाऱ्याकडे तिरकं वर जाता यायला हवं, तरच निघालेल्या जागी परत येता येतं. तोवर प्रत्येक फेरीनंतर बोर्ड काखेत मारून, पतंग डोक्यावर धरून किनाऱ्याने चालत परत. स्वतंत्रपणे खेळता येणं म्हणजे ही पायरी पार होणं. त्याला आणखी किती तास लागतील हे माणसागणिक बदलतं. ज्यांना आधी विंडसर्फिंग, शिडाची होडी किंवा स्केटबोर्ड येतं त्यांना कमी. "चार दिवसांत गॅरंटी" असं कुणी लिहिलं असेल तर ते वाऱ्याची गॅरंटी देतायत, आणि ती कुणाच्या बापाला देता येत नाही.

कल्पिटियाच का? आपलं कोकण का नाही?

कल्पिटिया हे श्रीलंकेच्या वायव्य किनाऱ्यावर, पुत्तलम जिल्ह्यातलं एक लांबट द्वीपकल्प आहे. कोलंबोचा विमानतळ शहराच्या उत्तरेला कटुनायके इथे आहे, त्यामुळे शहरात शिरावं लागत नाही. नेगोंबो, चिलॉ करत वर जायचं आणि पालाविया इथे डावीकडे वळायचं. तीन तास धरा, ट्रॅफिक लागला तर जास्त.

द्वीपकल्पाच्या एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला पुत्तलमचं लगून, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं खाजण. वाळूची पट्टी समुद्राच्या लाटा अडवते, पण वाऱ्याला अडवण्याइतकी ती उंच नाही. म्हणजे वारा पूर्ण आणि पाणी सपाट. शिकणाऱ्याला हवं असतं नेमकं तेच.

वाऱ्याचे मोसम दोन. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे, म्हणजे आपला मान्सून. आणि साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत ईशान्येकडचे. पहिला मोसम जास्त भरवशाचा, १८ ते २५ नॉटच्या आसपासचा. साहजिक शंका येते की मान्सून म्हटल्यावर पाऊस नाही का? पाऊस पडतो तो मुख्यतः श्रीलंकेच्या नैर्ऋत्य भागात आणि मधल्या डोंगरांच्या पश्चिम उतारावर. पुत्तलमचा पट्टा कोरडा राहतो. इतका कोरडा की तिथे मोठाली मिठागरं आहेत. ऊन आणि वारा दोन्ही भरपूर असल्याशिवाय मीठ पिकत नाही. रस्त्याने जाताना पवनचक्क्याही दिसतात. तुमच्या इन्स्टाग्रामच्या आधीपासून तिथल्या लोकांना या वाऱ्याची किंमत माहीत आहे.

आता कोकण. आपल्याकडे जून ते ऑगस्ट वारा भरपूर, पण त्याच्यासोबत मुसळधार पाऊस, उसळणारा समुद्र आणि थेट किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटा. त्या काळात महाराष्ट्र आणि गोव्यात जलक्रीडा बंदच असतात, आणि ते योग्यच आहे. पावसाळा संपल्यावर उरतात शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे, रात्री उलट. हे दुपारी सुटतात, पण बरेच दिवस १२ नॉटच्या आसपास रेंगाळतात. तेवढ्यात अनुभवी माणूस मोठा पतंग घेऊन खेळतो, नवशिक्याचा पतंग मात्र पडत राहतो. गोव्यात मोरजीच्या बाजूला उन्हाळ्यात काइट शिकवतात. पण रोज सलग जोरदार वारा हवा असेल तर भारतात त्यासाठी ओळखली जाणारी जागा रामेश्वरम आहे. मन्नारच्या आखाताच्या अलीकडे रामेश्वरम, पलीकडे कल्पिटिया. वारा बराचसा तोच. पासपोर्ट नसेल किंवा बजेट कमी असेल तर आधी तिथे चौकशी करा, हे आमचं प्रामाणिक मत.

एक मात्र लक्षात ठेवा. कल्पिटियाचं लगून हे काही वॉटर पार्क नाही. तिथे मासेमारी चालते, जाळी टाकलेली असतात, होड्या ये-जा करतात, आसपास कोळंबीची शेती आहे. पर्यटनासाठी जमिनी आणि किनारे घेण्यावरून तिथल्या मच्छीमारांनी याआधी आंदोलनंही केली आहेत. जाळ्याच्या खुंटांवरून पतंगाची दोरी नेऊ नये, होडीला आधी वाट द्यावी. हा शिष्टाचाराचा भाग आहेच, पण दोरी जाळ्यात अडकली तर अडचण तुमचीही होते.

बुकिंग करताना हे विचारा

बहुतेक लोक फक्त रेट विचारतात. तो डॉलर किंवा युरोत सांगितला जातो, त्यामुळे रुपयात काढून बघा. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा: वारा नसेल तर न झालेल्या तासांचे पैसे परत मिळतात का? उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल. "पुढच्या वेळी या" हे उत्तर परदेशातून आलेल्या माणसासाठी 'नाही' असंच आहे.

मग शिक्षकाचं. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी? एक किंवा दोन ठीक. चार असतील तर तुम्ही तीन चतुर्थांश वेळ पाण्यात उभे राहून दुसऱ्याला पडताना बघणार. त्याचं प्रमाणपत्र बघायला मागा, यात अपमान वगैरे काही नसतं. तो कुठल्या भाषेत शिकवतो हेही विचारा. वाऱ्यात आवाज पोहोचत नाही म्हणून अनेक ठिकाणी हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. त्यातून येणारी सूचना अर्ध्या सेकंदात कळायला हवी. तुमचं इंग्रजी कच्चं असेल तर जमिनीवर असतानाच हातवारे आणि आठ-दहा शब्द पक्के ठरवून घ्या.

रेस्क्यू बोट आहे का, की फक्त "आहे" असं म्हणतात? किनाऱ्यावर बघा. वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असेल आणि बोट नसेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका, कारण काही बिघडलं तर वारा तुम्हाला आतच नेणार. पाणी किती खोल हेही बघा. कंबरेएवढं उत्तम. गुडघ्याएवढं सुरक्षित वाटतं, पण वेगाने पडल्यावर तळ लगेच लागतो. पोहण्यात चॅम्पियन असायची गरज नाही. मात्र पाय टेकत नसताना घाबरगुंडी उडत असेल तर आधी गावातल्या तरणतलावात महिनाभर जा.

आणि विमा. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढला म्हणजे झालं असं नाही. भारतातल्या अनेक पॉलिसींमध्ये साहसी खेळातली दुखापत मूळ कव्हरमध्ये धरलेली नसते, त्यासाठी वेगळा ॲड-ऑन घ्यावा लागतो. तो घेतला तरी त्यात कुठले खेळ मोजलेत आणि 'प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली' अशी अट आहे का, हे पॉलिसीच्या मूळ मजकुरात वाचा. एजंटचं "सगळं येतं सर" ग्राह्य धरू नका. काइटबोर्डिंग किंवा काइटसर्फिंग हा शब्द लिहून कंपनीला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. कल्पिटियाहून पुत्तलम शहर ४०-५० किलोमीटर आहे, कोलंबोतली मोठी हॉस्पिटल्स त्याहून बरीच लांब. खांदा निखळला किंवा पाय मोडला तर ॲम्ब्युलन्स, ऑपरेशन, परतीचं बदललेलं तिकीट, सगळं खिशातून जातं.

तारखांबद्दल साधा हिशेब असा. चार दिवसांचा कोर्स असेल तर मुक्काम सहा-सात दिवसांचा ठेवा आणि कोर्स पहिल्याच दिवशी सुरू करा, म्हणजे मध्ये वारा पडला तरी जागा राहते. एप्रिल आणि नोव्हेंबरच्या आसपासचे, दोन मोसमांमधले आठवडे टाळा. तेव्हा विमान आणि हॉटेल स्वस्त दिसतं त्याचं कारण हेच.

वारा पडलाच तर कल्पिटियात सतराव्या शतकात डचांनी बांधलेला किल्ला आहे. तो श्रीलंकेच्या नौदलाच्या आवारात असल्याने आत जायला परवानगी लागते. पुत्तलमच्या उत्तरेला विल्पट्टू राष्ट्रीय उद्यान आहे. डॉल्फिन बघायच्या असतील तर त्यांचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, त्यामुळे मे-सप्टेंबरच्या ट्रिपमध्ये त्यांची आशा ठेवू नका.

परत येताना स्कूलकडून तुम्ही नेमके कुठवर पोहोचलात याची नोंद घ्या. आयकेओच्या स्कूल्स ती लेव्हलप्रमाणे देतात. तिच्यावरून दुसऱ्या देशातली किंवा रामेश्वरमची स्कूल तुम्हाला तिथूनच पुढे शिकवू शकते. नोंदीत 'वॉटर स्टार्ट चालू' असं लिहिलं असेल तर तसंच राहू द्या, शिक्षकाला वरची लेव्हल लिहायचा आग्रह करू नका. पुढच्या ठिकाणी तो कागद बघूनच तुम्हाला पतंग भाड्याने देतील आणि एकट्याने पाण्यात सोडतील.